प्रज्वलचं जावळ

कांद्याची पात माना टाकून वाफ्यात आडवी झाली होती. काढणीच्या बायांची रांग मागे बसली होती आणि पोराला कमरेवर घेऊन तनुजा मुकादमाच्या अंगावर चालून निघाली होती. तेवढ्यात पहिली गार तिच्या खांद्यावर बसली. दुसरी प्रज्वलच्या उघड्या पायावर. अकरा महिन्यांचं ते पोर रडायच्या आधी आईच्या तोंडाकडे बघत राहिलं, हेही शूटिंगमधलंच आहे का म्हणून.

'कट' कुणी म्हटलंच नाही. कॅमेऱ्यावर प्लास्टिक टाकायला चार जण धावले. तनुजानं लुगड्याचा पदर दुमडून पोराच्या डोक्यावर धरला, वाकून सगळ्या गारा पाठीवर घेतल्या आणि दादासाहेबांच्या गोठ्याकडे पळाली.

चाकणच्या पुढे, कंपन्यांची निळी पत्र्याची छपरं संपतात तिथे दादासाहेबांचं रान. गोठ्यात म्हशींच्या आणि माणसांच्या अंगाचा एकच वास भरला होता. पत्र्यावर गारांचा असा मारा, की बोलायचं तर ओरडूनच.

"अर्धं रान निघालं, अर्धं राह्यलं," दादासाहेब ओरडत होते. "भिजल्याला कांदा जमिनीत सडतोय, ज्ञानेशराव. तुमच्या पिक्चरपायी मी किती थांबू?"

ज्ञानेश दिग्दर्शक. त्याचा हा पहिलाच चित्रपट. केसांतून पाणी गळत असलेला तो हात जोडूनच उभा राहिला. "दादा, बांधाकडचे शेवटचे वाफे तेवढे राहू द्या. वाळलं की आलोच आम्ही."

"वाळलं की मी काढनार. तवर आला तर आला."

दिव्या त्याची साहाय्यक. कुणी काय घातलं होतं, पदर कुठल्या खांद्यावर होता, कपाळावरचा घाम कुठवर ओघळला होता, हे सगळं सांभाळायचं काम तिचं. तिनं तनुजाला उजेडात ओढून फोटो काढले. नखांतली माती. कोपरापर्यंत चढवलेल्या बाह्या. पायाच्या भेगा, ज्या खऱ्याच होत्या.

"ताई, भुवया करायच्या नाहीत. केसांना मेंदी नको, टोकंसुद्धा कापायची नाहीत. बांगडी फुटली तर लगेच मला फोन. जशा आज उभ्या आहात तशाच परत यायचं, कळलं ना?"

"कळलं."

तिनं प्रज्वलचाही एक फोटो काढला. भिजलेलं जावळ कपाळावर चिकटलं होतं, मागे मानेवर त्याच्या बारीक वळ्या झाल्या होत्या. "काय गोड दिसतोय," एवढंच ती म्हणाली. पोराबद्दल बजावायचं दोघींपैकी कुणालाच सुचलं नाही.

तनुजाचा मोठा सीन राहिला होता. मुकादम बायांचा रोज कापतो. ती झोळीतून पोर उचलते, बांधावर बसते आणि त्याला पाजता पाजता मुकादमाला सुनावते. पानभर बोलणं. आतापर्यंत झालेलं सगळं, वाकणं, उपटणं, पात कापणं, त्या एका पानासाठी होतं. दिव्यानं तसं सांगितलंही होतं, हा सीन लागला तर लोक तुमचं नाव विचारत येतील, ताई.

हे काम तिला पोरामुळंच मिळालं होतं. कॉलेजात असताना ती एकांकिका करायची; निगडीला महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये तालमी चालायच्या, घसा बसेपर्यंत. मग लग्न झालं, मोशी आली, पोटात प्रज्वल आला आणि नाटक राहून गेलं. ग्रुपमधल्या एकीनं ऑडिशनचं कळवलं तेव्हा पोर कुणाकडे राहीना, म्हणून ती त्याला घेऊनच गेली. बोलता बोलता तिनं त्याला या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं, त्याचं शेंबडं नाक पदराला पुसलं, आणि वाक्य कुठं तुटलं नाही. ज्ञानेश खुर्चीतून उठलाच.

"हे पाहिजे मला! आधीच्या मॅडमनी पोर असं धरलं होतं, जसा काही गॅसचा सिलिंडर."

सगळे हसले. त्या दिवशी बसमध्ये पोराला मांडीवर घेऊन बसलेली तनुजा एकटीच ओठांतल्या ओठांत ती वाक्यं म्हणत मोशीपर्यंत आली होती.

गारा थांबल्या. युनिट सामान गुंडाळून गेलं.

घरी वेगळंच चालू होतं. जयदीप, तिचा नवरा, चाकणला एका कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये कंत्राटी. सात महिने भरत आले की अशा माणसांना कंपनी ब्रेक देते, म्हणजे घरी बसवते. पुढं बोलावलं तर नशीब. जयदीपला या वेळी कुणी बोलावलं नव्हतं. तो सकाळी आंघोळ करून, बूट घालून, दारात खुर्चीवर बसायचा. समोर नवा टॉवर उभा राहत होता, तिथल्या क्रेनकडे बघत बसायचा.

म्हणून तनुजा कंपनीत जाऊ लागली होती. गाड्यांच्या वायरी गुंफून टेप मारायचं काम. दिवसभर उभं राहून. गेटवर फोन जमा करायचा, ओळखपत्र दाखवायचं आणि सरकत्या पट्ट्यापुढं उभं राहायचं. दुपारच्या सुट्टीत छाती दगडासारखी व्हायची. मग ती बाथरूममध्ये जाऊन बेसिनमध्ये दूध पिळायची. बाहेर बाया दार वाजवायच्या, "झोपलीस का गं आत?" पांढरी धार जाळीतून खाली जाताना ती बघायची नाही, भिंतीवरच्या फरशीकडे बघायची. शूटिंगच्या दिवसांत मारलेल्या दांड्यांवरून सुपरवायझर आधीच बोलला होता. पुढची दांडी झाली तर परत यायचं नाही.

गारा पडल्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी भाकरी थापताना सासूनं, गोजाबाईनं, विषय काढला.

"पोराला वर्ष भरतंय आता. जावळ काढाया पायजे."

"आत्या, शूटिंग राहिलंय. तेवढं होऊ द्या."

"तुझं शूटिंग पावसानं अडवलं, पोराचं वय कोन अडवील?" गोजाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "वर्साच्या आत न्हाई तर मंग तिसऱ्यात. दुसऱ्या वर्सात कात्री लावत न्हाईत. तवर ह्या जटा घिऊन हिंडंल का त्यो? उन्हाळा हाय. आत्ताच मानंवर घामोळं उठलंय, बघ की."

"तिसऱ्या वर्षी करू मग."

"मी देवीला यंदाचं बोललीय. बोलले आन् ठिवून दिलं. तवापस्नं जयदीप घरी बसलाय."

दारातला जयदीप क्रेनकडेच बघत होता.

"तुम्ही तरी सांगा," तनुजा म्हणाली.

"मी काय सांगू? टोपडं घालतील त्याला. पिक्चरवाले काय, गाढवाचा घोडा करतात."

"झोळीतून उघडं डोकं उचलायचंय हो."

"मग त्यांना विचार ना. मला काय विचारतेस?"

तिनं विचारलं नाही. ज्ञानेशच्या मागे आधीच पैसे घालणारा माणूस लागला होता, रोज तारीख बदलत होती. त्यात हे कळलं तर तो आपल्यालाच बदलेल, असं तिला वाटलं. त्याऐवजी तिनं भावाला फोन लावला. जावळ मामाच्या मांडीवर निघतं. मामाच नाही आला तर वस्तरा लागणार कसा?

सुजित राजगुरुनगरला मोबाइलच्या दुकानात होता. "तायडे, मी काय म्हणू पण?"

"म्हण सुट्टी नाही. मालक सोडत नाही."

"आई मला जिता ठेवायची नाही."

"सुजित, माझं ऐक. एवढंच. परत कधी काही मागणार नाही."

"बरं. नाही येत."

संध्याकाळी सुजितचा गोजाबाईला निरोप आला, सुट्टी मिळत नाही म्हणून. गोजाबाईनं तो ऐकून घेतला. पोराला मांडीवर घेऊन तेल लावत राहिली. तनुजाला वाटलं, मिटलं.

पण गोजाबाईच्या मनाला ते लागलं होतं, आणि ते सुनेसाठीच लागलं होतं. मामा जावळाला आला नाही, हे भावकीत कळलं की बाया काय बोलतील ते ती जाणून होती. हिचं माहेर तुटलं, भावानं टाकली. तिनं दुसऱ्या दिवशी तनुजा पहिल्या शिफ्टला गेल्यावर विहिणीला फोन लावला.

"तुमच्या पोराला म्हनावं, आहेर नको, काय नको. नुसता मांडी द्यायला ये. माझ्या सुनंला कुनी नाव ठिवल्यालं मला चालायचं न्हाई."

त्याच्या पुढच्या दिवशी तनुजा कंपनीच्या बसमधून उतरली तेव्हा ब्लाउज आतून ओला झाला होता, ओढणी तिनं दुहेरी करून पुढं घेतली होती. दारात सुजितची मोटरसायकल होती. आतून तळणाचा वास येत होता. ती उंबऱ्यात थांबली. ओसरीवरून एक पोर रांगत तिच्याकडे निघालं होतं, आणि हे कुणाचं पोर, असं तिला क्षणभर खरंच वाटलं.

निळसर पांढरं डोकं. कान केवढे मोठे. टाळूवर हळदीचं स्वस्तिक, डाव्या कानामागे वस्तऱ्याचा बारीक ओरखडा, त्यावर कुंकू लागलेलं. ते पोर हसलं तेव्हा त्याचे दोन दात प्रज्वलचे होते.

तिनं त्याला उचललं नाही. खाली बसली. पोर तिच्या मांडीत शिरून ओढणी ओढू लागलं.

"तायडे," सुजित आतून आला. अंगावर नवा शर्ट, त्यावर पोराच्या बारीक केसांचे तुकडे. "तुला किती फोन लावले. तू उचलत नाहीस."

"फोन गेटवर असतो."

"आईनं माझी पार लाज काढली गं. मी काय करणार?"

"केस कुठायत?"

गोजाबाई पदराला हात पुशीत बाहेर आली. "इंद्रायणीत सोडलं. कनकंच्या मुटक्यात घालून, रीतीनं. का गं?"

तनुजा बघत राहिली. खरंच, का विचारलं? केस असते तर तिनं काय केलं असतं, एकेक चिकटवला असता?

"आत्या, मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

"म्या काय वंगाळ केलं?" गोजाबाईचा आवाज चढला आणि मधेच बसला. "त्योबी रडला न्हाई. मामाच्या मांडीवर कसा गपगार बसला. गोडधोड केलंय. तू येईस्तवर कुनी ताटाला हात लावला न्हाई."

"तुम्ही घरी होतात?" तनुजानं जयदीपला विचारलं.

"पाय मीच धरले होते त्याचे. हलला तर लागेल म्हणून." तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, एकदाचं झालं म्हणजे घरातली कटकट तरी थांबेल."

पोराला ओढणीखाली घेताना तिचा हात सवयीनं त्याच्या डोक्यावरून फिरला आणि थबकला. पाजताना त्या केसांत बोटं घालायची सवय होती. बोटांना धरायला काही सापडेना.

तिनं दिव्याला फोन करून सांगितलं.

"टक्कल म्हणजे? पूर्ण?"

"पूर्ण."

"अहो ताई! मी तुमच्या नखांचे फोटो काढले हो. नखांचे!" दिव्या रडायला आल्यासारखी वाटली. "थांबा, सरांना देते."

ज्ञानेश ओरडला नाही. तेच वाईट वाटलं. तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "तनुजाताई, दादासाहेब परवा वाफे काढणार. माझ्याकडे दुसरी तारीखच नाही. एक करता येईल. पोर झोपलंय असं दाखवू आणि तुमचं बोलणं मुकादमाला म्हटलेल्या पहिल्या वाक्यावरच संपवू. उरलेलं मी दुसऱ्या बाईला देतो, ती उभ्या उभ्या बोलेल."

"म्हणजे पान जाईल."

"जाईल."

"नको सर. मी येते. त्याला घेऊन येते. काहीतरी करू आपण. नको ना तसं."

स्वतःच्या आवाजातला तो 'ना' तिला ऐकू आला. दारात जयदीप उभा होता, त्यानंही तो ऐकला आणि चपला घालून बाहेर निघून गेला.

परवाच्या दिवशी तिनं कंपनीत दांडी मारली. जयदीपच्या दुचाकीवर पुढं टाकीवर पोर, मागं ती, तिच्यामागं गोजाबाई. येऊ नका म्हटलं तरी गोजाबाई निघाली होती. "पोर अंगावर पितंय. मधी कोन धरंल त्येला?" पोराच्या डोक्याला तिनं ओलं फडकं बांधलं होतं. मोशीच्या चौकापासून चाकणपर्यंत कंटेनरांची रांग लागली होती. धुळीनं सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या.

रानात पोचल्यावर दिव्यानं फडकं सोडलं आणि नुसतं "अरे देवा" म्हणाली. मागे लाइटवाली पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "हा तर छोटा पैलवान झाला राव."

"टोपडं घालाया काय झालं?" गोजाबाईनं विचारलं.

ज्ञानेशनं समजावून सांगितलं. झोळीत पोर ठेवलेलं, उघड्या डोक्याचं, गारांच्या आधीच टिपलं होतं. झोळीतून हात घालून उचलायचं तेवढं राहिलं होतं. मधल्या एका क्षणात टोपडं येणार कुठून?

"आसं व्हय," गोजाबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिला कळल्यासारखं झालं. ती पोराला घट्ट धरून बांधाच्या कडेला बसली.

मेकअपवाला आधीच तयारीनं आला होता. त्याच्या डब्यात केसांचा एक छोटा टोप होता, बाहुलीचा असावा तसा. त्यानं ब्रशनं डिंक घेतला. "थंड लागेल जरा बाळाला."

थंड लागलं नाही, झोंबलं. कानामागच्या ओरखड्यावर डिंक गेला आणि प्रज्वलनं श्वास धरला, काळानिळा झाला, मग जी किंकाळी फोडली ती पलीकडच्या रस्त्यावर गेली. त्यानं दोन्ही हातांनी तो टोप ओरबाडला. अर्धा निघाला, अर्धा डोळ्यावर लोंबत राहिला. मेकअपवाल्यानं त्याचे हात धरले.

"दोन मिनिटं, ताई, सुकू द्या फक्त."

तनुजा त्या दोन मिनिटांतलं एक मिनिट गप्प राहिली. पोर तिच्याकडे बघून ओरडत होतं आणि ती गप्प राहिली. मग तिनं मेकअपवाल्याच्या हातातून पोराचे हात सोडवले.

"राहू द्या."

गोजाबाईनं तेल मागून आणलं, डिंक काढला. टाळू लालभडक झाली होती. ती पुटपुटत होती, "झालं माज्या राजा, झालं."

ऊन डोक्यावर आलं. दादासाहेब फेऱ्या घालत होते. पैसे घालणाऱ्याचा माणूस ज्ञानेशला बाजूला घेऊन बोलत होता आणि ज्ञानेश मान हलवत होता. आता पान जाणार, हे तनुजाला लांबूनच दिसलं.

तेवढ्यात दिव्या धावत आली. "सर, तिकडं बघा."

खालच्या अंगाला दादासाहेबांची खरी काढणी चालू होती. परभणीकडची टोळी. चिंचेखाली एका झोळीत एक पोर उठून बसलं होतं, तेवढ्याच अंगाचं. तांबूस केस कपाळावर, मानेवर वळ्या.

"चेहरा नको," ज्ञानेश म्हणाला. "पाठमोरं घेऊ. डोकं हवं फक्त."

पोराची आई साधना. हातातला विळा तसाच घेऊन ती आली, तनुजाच्याच वयाची, पायांच्या भेगाही तशाच.

"काय करायलेत माह्या लेकराला?"

"काही नाही हो. ताईंच्या मांडीवर थोडा वेळ बसेल. शूटिंग आहे."

"आन् मुकादम माहा रोज कापंल, त्याचं काय?" मग तिनं चित्रपटातल्या मुकादमाकडं बघितलं, पगडी घालून खुर्चीत बसला होता. "ह्यो बी मुकादमच का? ह्यो बरा दिसतोय. च्या पेतोय निवांत."

सगळे हसले. तनुजाही हसली आणि तिचे डोळे भरले.

साधनानं पोर दिलं. त्याला मातीचा, कांद्याचा, आणि आंबट दुधाचा वास होता. तनुजानं झोळीतून त्याला उचललं, बांधावर बसली, पदराखाली घेतल्यासारखं केलं, पहिलं वाक्य बोलली. पोरानं मागं वाकून कमान केली आणि साधनाकडं हात पसरले. कट. पुन्हा. पुन्हा तेच. साधनाला लांब उभं केलं, तर ते जास्तच रडलं. बिस्कीट दिलं, थुंकलं. तनुजाची वाक्यं त्या रडण्याखाली दबून जायची, ती ओरडून बोलायला लागली की ज्ञानेश म्हणायचा, "ओरडू नका, ताई. पाजणारी बाई ओरडत नाही."

सावल्या वाफ्यात लांब होऊ लागल्या.

"शेवटचं करू," ज्ञानेश म्हणाला. "नाहीच झालं तर दुसरं ठरलंय ते."

तनुजानं साधनाकडं बघितलं. "मी त्याला खरंच पाजू का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. साधनानं पदरानं तोंड पुसलं. "पाज बाई. सकाळपासून मला बी कुठं सवड भेटली. उपाशीच हाय ते."

"तनुजा!" गोजाबाई उठून उभी राहिली. "आगं, ह्ये तुजं पोर हितं बसलंय."

तनुजानं तिकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर झालं नसतं.

सकाळपासून छाती भरलेली होती. पोरानं आधी तोंड फिरवलं, मग वास घेतला, मग एकदम धरलं, भुकेल्या पोरासारखं, दुखेल असं. त्याच्या अंगातला ताठरपणा गेला. ज्ञानेशनं बोलून नाही, हातानंच खूण केली.

ती बोलू लागली. पाठ केलेलं पान, बसमध्ये म्हटलेलं, वायरी गुंफताना म्हटलेलं. मुकादमाला ती सांगत होती, की आमच्या हाताची सालं गेली ती तुला दिसत नाहीत, आमची पोरं उन्हात पडली ती दिसत नाहीत, अन् कांदा किती निघाला तेवढा बरा दिसतो. आवाज चढला नाही. चढवायला तिच्यात काही उरलं नव्हतं. नकळत तिची बोटं त्या तांबूस केसांत गेली.

मग कॅमेऱ्याच्या पलीकडून प्रज्वलचा आवाज आला. रडणं नव्हतं ते. भूक लागली की तो जसं "आ, आ" करायचा तसं. आणि दुसऱ्या बाजूनंही दूध सुटलं, ब्लाउजमधून खाली पोटावर ओघळलं. ती बोलत राहिली. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं, गोजाबाईनं पोराचं तोंड आपल्या खांद्याकडं वळवलं, त्याच्या बोडक्या डोक्यावर पदर ओढला आणि त्याला काही दिसू नये म्हणून स्वतः पाठ फिरवून उभी राहिली.

पान संपलं. मुकादमानं मान खाली घातली. ज्ञानेश "कट" म्हणाला ते घोगरं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. दिव्या डोळे पुसत होती. पैसे घालणाऱ्याचा माणूस फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे, काय केलंय बाईनं."

"सुंदर," ज्ञानेश म्हणाला. "ताई, एकदाच अजून. कॅमेरा किंचित हलला शेवटी. लगेच घेऊ, उजेड आहे तोवर."

साधनानं पोर उचललं. तनुजा धावतच गोजाबाईकडं गेली आणि प्रज्वलला घेतलं. पाठ फिरवून, पदर ओढून, त्याला छातीशी धरलं. "घे माझ्या राजा, घे."

त्यानं तोंड जवळ नेलं. थांबला. नाक आकसलं. मग ओठ मिटून त्यानं मान तिरकी केली. तिनं दुसऱ्या बाजूला घेतलं. त्यानं तिच्या गळ्यापाशी हाताची मूठ टेकवली आणि तिला मागं ढकललं, जोरात नाही, जसं ताटात वाढलेलं नको म्हणून सारतात तसं.

"वास येतोय त्येला दुसऱ्या पोराचा," गोजाबाई हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं पदराचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवलं, सुनेच्या पुढ्यात गुडघे टेकून बसली आणि लहान मुलीला पुसावं तसं तिला पुसू लागली. "आता घील. पुसून घितलं की घील. थांब हां."

"आजी, आजी, थांबा!" दिव्या वाफे ओलांडत पळत आली. "पुसू नका! ब्लाउजवरचा तो ओला डाग तसाच पाहिजे, आधीच्या टेकमध्ये आलाय तो. प्लीज. हात लावू नका त्याला."

गोजाबाईचा हात हवेतच राहिला. तिनं तनुजाकडं बघितलं. ओल्या पदराच्या टोकातून पाणी मातीत ठिबकत होतं.

तनुजानं प्रज्वलच्या टाळूवर ओठ टेकवले. डिंकाची लाली अजून गरम होती. मग तिनं त्याला सासूच्या हातात दिलं. तो रडला नाही. आजीच्या खांद्यावरून तो रस्त्यावरच्या कंटेनरांकडं बघू लागला.

"रेडी, ताई?" ज्ञानेशनं विचारलं.

"रेडी."

बांधावर जाऊन ती आपल्या जागेवर बसली. साधनाचं पोर आता रडत नव्हतं. तिला बघितल्याबरोबर त्यानं आपणहून दोन्ही हात पुढं केले.